असंसर्गजन्य आजारांसाठी देशपातळीवरची जनवकिली: मागणी कशी बांधावी आणि ती कुठे अडते

प्रश्न थोडक्यात असा आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, कर्करोग आणि श्वसनाचे जुनाट आजार यांवर काम करणाऱ्या काही संघटना, डॉक्टर आणि रुग्णांचे गट एकत्र आले आहेत. दरवर्षी जागतिक दिन पाळले जातात, तपासणी शिबिरे होतात, आरोग्यमंत्र्यांना निवेदन दिले जाते, त्याचा फोटो छापून येतो. धोरण मात्र जागचे हलत नाही. प्रतिबंध आणि उपचार या दोन्हींसाठी देशपातळीवर परिणामकारक पाठपुरावा कसा करावा?

आधी ते निवेदनच पुन्हा वाचा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. "सरकारने असंसर्गजन्य आजारांना प्राधान्य द्यावे" या मागणीला कोणताही मंत्री आनंदाने होकार देईल, कारण त्या होकारामुळे कुणालाही काहीच करावे लागत नाही. मागणी अशी हवी की होकार दिल्यावर दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी टेबलावर फाइल उघडावी लागेल. त्यासाठी चार गोष्टी ठरलेल्या हव्यात: सही कोणाची, कागद कोणता, आकडा किती आणि तारीख कोणती. उदाहरणार्थ: "अर्थमंत्र्यांनी येत्या अर्थसंकल्पात सर्व तंबाखूजन्य उत्पादनांवरील शुल्क इतके वाढवावे की कराचा एकूण वाटा किरकोळ किमतीच्या किमान ७५ टक्के होईल, आणि ते दरवर्षी महागाईनुसार आपोआप वाढेल अशी तरतूद कायद्यात करावी." किंवा: "आरोग्य खात्याने पुढच्या आर्थिक वर्षात प्राथमिक केंद्रांतील रक्तदाबाच्या औषधांसाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष (खर्चाची वेगळी नोंद) उघडावे आणि रक्तदाब आटोक्यात असलेल्या रुग्णांचे प्रमाण दर तिमाहीला जाहीर करावे."

सही कोणाची हे शोधायला वेळ लागतो, आणि तो द्यावा. पाकीटबंद पदार्थातल्या मिठाची मर्यादा बहुतेक देशांत अन्नसुरक्षा नियामक ठरवतो. करांचे दर अर्थखाते ठरवते. औषधांची खरेदी कुठे मध्यवर्ती यंत्रणा करते, कुठे प्रांतिक सरकारे. वेदनाशमनासाठी लागणारे मॉर्फिन अडते ते अंमली पदार्थांच्या कायद्यात, आणि त्या कायद्याची किल्ली आरोग्य खात्याकडे असेलच असे नाही. या सगळ्या मागण्या एकाच निवेदनात घालून आरोग्यमंत्र्यांना दिल्या, तर ते निवेदन पुढे पाठवले जाते आणि तिथेच संपते.

कोणती मागणी आधी घ्यावी

जागतिक आरोग्य संघटनेने कमी खर्चात सर्वांत जास्त परिणाम देणाऱ्या उपायांची यादी केली आहे आणि २०२३ मध्ये ती अद्ययावत केली. त्यात तंबाखू आणि दारूवरचे कर, जाहिरातबंदी, धूरमुक्त सार्वजनिक जागा, मिठाचे प्रमाण कमी करणे, ट्रान्स फॅट (वनस्पती तुपासारख्या पदार्थांतला हृदयाला घातक स्निग्धांश) हद्दपार करणे, एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत विषाणू) लसीकरण, हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्यांना औषधे असे उपाय आहेत. ही यादी भक्कम पुरावा म्हणून वापरा. कार्यक्रमपत्रिका म्हणून वापरू नका. सगळे एकदम मागणाऱ्याला एकही मिळत नाही.

माझा सल्ला असा: एक मागणी प्रतिबंधाची आणि एक उपचाराची, अशी जोडी घ्या. फक्त प्रतिबंध मागितला तर आज आजारी असलेली माणसे तुमच्यासोबत उभी राहणार नाहीत, कारण त्यांना आज गोळी हवी आहे. फक्त उपचार मागितले तर अर्थखाते विचारते, पैसा कुठून आणू? तंबाखूचा कर आणि रक्तदाबाची मोफत औषधे ही जोडी एकमेकींना आधार देते: एकीतून महसूल येतो, दुसरीतून तो लोकांना दिसतो. ज्या देशात तंबाखूवरचा कर आधीच पुरेसा आहे, तिथे साखरयुक्त पेये किंवा ट्रान्स फॅट घ्या. ट्रान्स फॅटची मागणी तुलनेने लवकर मान्य होते, कारण पर्यायी तेले उपलब्ध असतात, ग्राहकाच्या खिशाला फारसा फटका बसत नाही आणि नियम सुटसुटीत असतो. नव्या आघाडीला पहिला विजय हवा असेल तर हा विषय चांगला.

आंतरराष्ट्रीय बांधिलक्यांचा उपयोग दारावर टकटक करण्याइतकाच आहे, पण तो करा. शाश्वत विकास उद्दिष्ट ३.४ नुसार असंसर्गजन्य आजारांमुळे होणारे अकाली मृत्यू २०३० पर्यंत एक तृतीयांशाने कमी व्हायचे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या उच्चस्तरीय बैठका २०११, २०१४, २०१८ आणि २०२५ मध्ये झाल्या. २०२५ च्या जाहीरनाम्यात २०३० साठी तीन ठोस आकडे आहेत: तंबाखू वापरणारे १५ कोटींनी कमी, रक्तदाब आटोक्यात असलेले १५ कोटींनी जास्त आणि मानसिक आरोग्यसेवा मिळणारे १५ कोटींनी जास्त. आपल्या देशाच्या लोकसंख्येनुसार त्यात आपला वाटा किती येतो हे काढा आणि तो आकडा पत्राच्या पहिल्या परिच्छेदात लिहा.

आकडे कुठले आणि कसे

जगात २०२१ साली असंसर्गजन्य आजारांनी किमान ४.३ कोटी माणसे मेली आणि त्यातली सुमारे १.८ कोटी सत्तरीच्या आत. भाषणाची सुरुवात करायला हा आकडा ठीक आहे. अर्थसचिवांसमोर त्याचा उपयोग नाही, त्यांना स्वतःच्या देशाचा आकडा लागतो. देशात 'स्टेप्स' (या आजारांच्या जोखमी मोजण्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीचे) सर्वेक्षण झाले असेल तर तिथून सुरुवात करा. त्यात प्रश्नावली, शारीरिक मोजमापे आणि रक्त-लघवीच्या चाचण्या असे तीन टप्पे असतात. त्यातून चार आकडे काढा: रक्तदाब असलेले किती, त्यांपैकी निदान झालेले किती, औषध घेणारे किती, आटोक्यात असलेले किती. ही उतरती शिडी एका आलेखात दाखवली की चर्चा आपोआप नेमकी होते. सगळ्यात मोठी गळती निदानाच्या पायरीवर असेल तर मागणी मोजणीची, औषधाच्या पायरीवर असेल तर पुरवठ्याची आणि नियंत्रणाच्या पायरीवर असेल तर उपचारपद्धतीची. जगभरात ३० ते ७९ वयोगटातल्या सुमारे १४० कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि तो आटोक्यात असलेले जेमतेम पाचात एक आहेत.

सर्वेक्षण जुने असेल तर थांबून राहू नका. औषधांच्या उपलब्धतेची पाहणी कोणतीही आघाडी स्वतः करू शकते. वेगवेगळ्या सहा भागांतली मिळून तीस सरकारी केंद्रे निवडा, ठरावीक पाच-सहा औषधे आणि दोन साधने घ्या, आणि सगळीकडे एकाच आठवड्यात जा. नियम आधी लिहून ठेवा: डोळ्यांनी पाहिलेले आणि मुदत न संपलेले औषध तेवढेच "उपलब्ध". साठा नोंदवहीतून गेल्या सहा महिन्यांत प्रत्येक औषध किती दिवस संपलेले होते हेही उतरवून घ्या. भेटीच्या दिवशी औषध असणे योगायोग असू शकतो, साठा संपल्याचे दिवस मात्र खरी कहाणी सांगतात. असंसर्गजन्य आजारांच्या जागतिक कृती आराखड्याचे लक्ष्य ८० टक्के उपलब्धतेचे आहे, त्यामुळे तुलनेचा निकष तयारच आहे. अहवाल जाहीर करण्यापूर्वी दोन आठवडे तो खात्याला द्या आणि चुका दाखवा म्हणा. चूक निघाली तर दुरुस्त होते. न निघाल्यास खाते नंतर आकडे नाकारू शकत नाही.

अर्थखात्याशी त्याच्या भाषेत

आरोग्य संघटना सर्वांत कमी तयारी करून जातात ती इथे, आणि सर्वांत मोठे निर्णय होतात तेही इथेच. म्हणून थोडे विस्ताराने.

करवाढीचा हिशेब साधा आहे, तो समोर मांडून दाखवा. समजा एका पाकिटाची किंमत १० एकक आहे आणि त्यात कर ४ एकक, म्हणजे ४० टक्के. कर ३ एककांनी वाढवला आणि तो पूर्णपणे किमतीत उतरला, तर किंमत १३ आणि कर ७ होतो, म्हणजे सुमारे ५४ टक्के. कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत किंमत १० टक्क्यांनी वाढली की तंबाखूचा खप साधारण ५ टक्क्यांनी घटतो. इथे किंमत ३० टक्क्यांनी वाढली, म्हणून खप सुमारे १५ टक्क्यांनी घटेल. आधी १०० पाकिटांवर ४०० एकक महसूल होता. आता ८५ पाकिटांवर ५९५ एकक आहे. खप कमी झाला, तरी महसूल जवळजवळ दीडपट झाला. हे कोष्टक स्वतःच्या देशातल्या खऱ्या किमती आणि खपावर करून न्या. अर्थखात्यातल्या अधिकाऱ्याला ते दोन मिनिटांत तपासता आले पाहिजे, म्हणून गृहीतके वेगळ्या ओळींत लिहा.

कराची रचना दरापेक्षाही महत्त्वाची असते. किमतीच्या टक्केवारीने लावलेला कर स्वस्त उत्पादनांवर कमी बसतो, म्हणून उत्पादक स्वस्त प्रकार बाजारात आणतात. नगावर किंवा वजनावर लावलेला ठरावीक कर सर्वांची किंमत सारखी वाढवतो, पण महागाई त्याला दरवर्षी खात जाते. म्हणून ठरावीक कर आणि महागाईशी जोडणी, दोन्ही एकत्र मागा. उत्पादनांच्या लांबीनुसार किंवा किमतीनुसार पायऱ्या असतील तर त्या काढून टाकायला सांगा, कारण उत्पादक आपला माल खालच्या पायरीत बसवतात. तंबाखूच्या एका प्रकारावर कर वाढवून दुसरा स्वस्त ठेवला, तर लोक दुसऱ्याकडे वळतात आणि वर्षभराने "कर वाढवून उपयोग झाला नाही" असे ऐकावे लागते.

साखरयुक्त पेयांबाबत दोन वेगळ्या वाटा दिसतात. मेक्सिकोने जानेवारी २०१४ पासून लिटरला एक पेसो कर लावला, म्हणजे सुमारे १० टक्के. आरोग्य संघटनांची मागणी त्याच्या दुप्पट होती. पहिल्या वर्षी करपात्र पेयांची खरेदी अपेक्षेपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी घटली. ब्रिटनने मार्च २०१६ मध्ये घोषणा केली आणि एप्रिल २०१८ पासून साखरेच्या प्रमाणानुसार आकारणी सुरू केली: १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर काही नाही, ५ ते ८ ग्रॅमपर्यंत एक दर, ८ ग्रॅम आणि पुढे चढा दर. अनेक उत्पादकांनी कायदा लागू होण्याआधीच साखर उतरवली. देशात साखरेचे प्रमाण तपासणाऱ्या प्रयोगशाळा आणि विश्वासार्ह लेबले असतील तर ब्रिटनची वाट चांगली. ती यंत्रणा नसेल तर लिटरवरचा कर वसूल करायला सोपा.

तीन आक्षेप हमखास येतात. पहिला, तस्करी वाढेल. तस्करी मुख्यतः सीमा, परवाने आणि अंमलबजावणी किती ढिली आहे यावर अवलंबून असते, म्हणून करवाढीबरोबरच पाकिटांवर माग काढता येणारे शिक्के आणि साखळीतल्या सर्वांना परवाना ही मागणी जोडा. दुसरा, गरिबांवर बोजा पडेल. किमतीला गरीब ग्राहक जास्त प्रतिसाद देतो, म्हणून आरोग्याचा लाभही त्याच्याकडे जास्त जातो. पण हे उत्तर अपुरे आहे. महसूल त्याच्यासाठी कुठे खर्च होणार हे दाखवता आले पाहिजे. फिलिपिन्सने २०१२ च्या कायद्याने तंबाखू-दारूवरचे कर वाढवले आणि वाढीव महसुलाचा मोठा भाग गरीब कुटुंबांच्या आरोग्य संरक्षणाकडे वळवला, तंबाखू पिकवणाऱ्या भागांसाठीही वाटा राखला. त्यामुळे शेतकऱ्यांचा मुद्दा विरोधकांच्या हातातून निसटला. थायलंडमध्ये २००१ च्या कायद्याने तंबाखू आणि दारूच्या शुल्कावर २ टक्के अधिभार बसवला आणि त्यातून आरोग्यसंवर्धनाचा स्वतंत्र निधी उभा राहिला. तिसरा आक्षेप, एका कामासाठी बांधून ठेवलेला राखीव निधी आम्हाला नको, असा खुद्द अर्थखात्याचाच असतो. त्यावर अडून बसू नका. राखीव निधी मिळत नसेल तर त्याच अर्थसंकल्पात औषधांच्या तरतुदीत तेवढी वाढ मागा.

वेळेचे भान ठेवा. अर्थसंकल्प मांडला जातो तेव्हा दार बंद झालेले असते. खात्यांचे प्रस्ताव त्याच्या कित्येक महिने आधी गोळा होतात. आपल्या देशातले ते वेळापत्रक मिळवा, आणि प्रस्ताव मागवण्याच्या तारखेपूर्वी दोन महिने पहिली भेट झालेली असू द्या.

मसुद्यातल्या पळवाटा

राजकीय होकार मिळाल्यावर आघाड्या सैल पडतात, आणि नेमके तेव्हाच मसुद्यात शब्द बदलतात. म्हणून एक कायदेतज्ज्ञ आणि एक अन्नतंत्रज्ञ यांना मसुद्याच्या प्रत्येक आवृत्तीवर बसवा.

पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत. व्याख्या: ट्रान्स फॅटची मर्यादा "एकूण स्निग्धांशाच्या १०० ग्रॅममध्ये २ ग्रॅम" अशी आणि सर्व अन्नपदार्थांना लागू हवी. ती फक्त पाकीटबंद मालाला लावली तर खुल्या विक्रीचे पदार्थ आणि त्यात वापरली जाणारी तेले सुटतात. डेन्मार्कने ही २ ग्रॅमची मर्यादा २००३ मध्येच घातली होती, त्यामुळे ती अव्यवहार्य असल्याचा युक्तिवाद टिकत नाही. एकक: वेष्टनावरच्या इशाऱ्याचा निकष १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरवर हवा. "एका वाढणीमागे" असे लिहिले की उत्पादक वाढणी लहान करतो आणि इशारा नाहीसा होतो. सक्ती: मसुद्यात "प्रोत्साहन द्यावे" दिसले की थांबवा, ऐच्छिक नियम पाळणारे मूठभर असतात आणि न पाळणाऱ्यांना त्याचा फायदा मिळतो. मुदत: "अधिसूचनेनंतर यथावकाश" चालणार नाही, तारीख हवी. दंड: तो परवाना फीपेक्षा कमी असेल तर धंद्याचा किरकोळ खर्च ठरतो. तपासणी: नमुने कोण घेणार, कोणती प्रयोगशाळा तपासणार आणि खर्च कोण उचलणार.

मर्यादा एकदम कडक करण्याऐवजी पायऱ्यांनी उतरवणे हा चांगला मध्यममार्ग आहे, पण सगळ्या पायऱ्या पहिल्याच नियमात लिहून घ्या. दक्षिण आफ्रिकेने मिठाच्या मर्यादा २०१३ मध्ये जाहीर केल्या, पहिला टप्पा जून २०१६ मध्ये आणि अधिक कडक टप्पा जून २०१९ मध्ये लागू झाला. चिलीत वेष्टनावरच्या काळ्या अष्टकोनी इशाऱ्यांचा कायदा २०१२ मध्ये झाला, अंमल जून २०१६ मध्ये सुरू झाला आणि निकष २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने आवळले गेले. दुसरा टप्पा "पुढे ठरवू" असा सोडला असता तर तो पुन्हा पहिल्यापासून लढावा लागला असता.

विरोध आणि स्वतःचे हितसंबंध

उद्योगाचा विरोध बहुधा "नको" असा येत नाही. "आणखी अभ्यास करू", "आम्ही स्वतःहून पाळू", "संयुक्त समिती नेमू" असा येतो. समितीचा प्रस्ताव आला की दोन प्रश्न विचारा: अहवालाची अंतिम तारीख कोणती, आणि ज्यांच्या मालावर नियम येणार आहे ते त्यात मतदान करणार का? तंबाखूबाबत उत्तर आंतरराष्ट्रीय करारातच आहे. तंबाखू नियंत्रण आराखडा कराराचे कलम ५.३ आरोग्यधोरणाला तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून जपण्याचे बंधन घालते. देशाने करार मान्य केला असेल तर या कलमाचा पत्रात स्पष्ट उल्लेख करा. अन्न आणि मद्य उद्योगांसाठी असे बंधन नाही, म्हणून तिथे भेटींच्या नोंदी आणि सूचनांचा मजकूर जाहीर करण्याची मागणी आधी करून ठेवा.

खटल्याची धमकी येईल. उरुग्वेवर २०१० मध्ये एका बड्या तंबाखू कंपनीने गुंतवणूक कराराखाली दावा लावला, जुलै २०१६ मध्ये निकाल उरुग्वेच्या बाजूने लागला. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१२ पासून तंबाखूला साधी (कंपनीचे रंग आणि बोधचिन्ह नसलेली) वेष्टने सक्तीची केली, त्या सक्तीविरुद्धचे आव्हानही टिकले नाही. सरकारी विधी अधिकाऱ्याला हे निकाल शोधावे लागू नयेत, त्यांचे दोन पानी टिपण तुम्हीच द्या. घाबरलेला विधी विभाग मंत्र्यापेक्षा लवकर फाइल अडवतो.

आता स्वतःकडे. रुग्णसंघटना अनेकदा औषधकंपन्यांच्या, आणि काही वेळा अन्नकंपन्यांच्या देणग्यांवर चालतात. तंबाखू, मद्य आणि साखरयुक्त पेयांच्या उद्योगाकडून एक छदामही घेऊ नये, यात वाद नाही. औषधकंपन्यांबाबत नियम पहिली देणगी येण्यापूर्वी लिहा: एका देणगीदाराचा वाटा किती टक्क्यांच्या वर जाणार नाही, सर्व रकमा संकेतस्थळावर जाहीर होतील, मागणीपत्रात औषधाचे मूळ नावच येईल आणि ब्रँड कधीच येणार नाही, आणि ज्या विषयात देणगीदाराचा माल आहे त्या चर्चेत तो गट मतदान करणार नाही. हा कागद नसेल तर विरोधक पहिल्याच वादात तुमच्या देणग्या पुढे करतात आणि खरा मुद्दा बाजूला पडतो.

उपचाराची मागणी नेमकी काय असावी

"सर्वांना उपचार" ही घोषणा झाली. आरोग्यव्यवस्थेत प्रत्यक्षात पाच गोष्टी बदलाव्या लागतात आणि रक्तदाबावर त्या सर्वांत स्पष्ट दिसतात. एकच लिखित उपचारपद्धती, ज्यात औषधांची नावे, मात्रा आणि पुढची पायरी दिलेली असते. उदाहरणार्थ १४०/९० किंवा जास्त असल्यास अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, महिन्याने आटोक्यात नसेल तर टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम जोडणे, मग मात्रा वाढवणे, मग लघवीवाटे क्षार उतरवणारे तिसरे औषध. गर्भवतींसाठी टेल्मिसार्टनसारखी औषधे वर्ज्य असतात, ही नोंद त्याच पानावर हवी. औषधांचा अखंड पुरवठा. डॉक्टरांबरोबरच परिचारिका आणि आरोग्यसेविकांनाही मोजणी व पाठपुरावा करण्याचा लेखी अधिकार. स्थिर रुग्णाला एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या. आणि प्रत्येक केंद्राची अशी नोंद, जिच्यातून नोंदलेल्यांपैकी किती आटोक्यात आहेत हे कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'हार्ट्स' संचात (प्राथमिक केंद्रांत हृदयविकार रोखण्याच्या मार्गदर्शिकांत) हेच आहे, आणि भारतातल्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने सरकारी केंद्रांत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर चालवून दाखवली आहे.

पुरवठ्याबाबत एक चूक इतक्या ठिकाणी होते की ती मुद्दाम सांगायला हवी. खरेदीचा अंदाज बहुतेक खाती गेल्या वर्षीच्या खपावरून काढतात. पण गेल्या वर्षी औषध चार महिने संपलेले असेल तर खप कमीच दिसणार, त्यावरून मागवलेले पुन्हा अपुरे पडणार, आणि हे चक्र चालूच राहणार. अंदाज नोंदलेल्या रुग्णांवरून काढायला लावा: एक लाख रुग्ण, सरासरी रोज दीड गोळी, ३६५ दिवस, म्हणजे सुमारे ५.५ कोटी गोळ्या, त्यावर नवे रुग्ण आणि तीन महिन्यांचा राखीव साठा. हे गणित मागणीपत्राला जोडले की तरतुदीची रक्कम हवेतली राहत नाही.

मधुमेहात इन्सुलिनची बाटली मिळाली म्हणजे काम झाले असे समजू नये. सुया, ग्लुकोमीटर, पट्ट्या, आणि २ ते ८ अंशांची शीतसाखळी हे सगळे मिळून उपचार होतात. ग्लुकोमीटर फुकट वाटला जातो, पट्ट्या मात्र त्याच कंपनीच्या लागतात. पुढची निविदा दुसऱ्या कंपनीने जिंकली की जुनी यंत्रे निरुपयोगी होतात. म्हणून निविदेत यंत्र आणि पट्ट्या एकत्र, कित्येक वर्षांच्या पट्ट्यांच्या दरासह, अशी अट मागा. २०२२ मध्ये मान्य झालेल्या जागतिक लक्ष्यांत प्रकार १ (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही) च्या १०० टक्के रुग्णांना परवडणारे इन्सुलिन आणि साखर मोजण्याची साधने असे दोन्ही शब्द आहेत. साधनांचा आग्रह सोडू नका.

आणि तपासणी मोहिमांबद्दल सावध राहा. मंत्र्यांना त्या आवडतात कारण मोठे आकडे लवकर दिसतात. पण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे जागतिक लक्ष्यच ९०-७०-९० असे आहे: लस ९० टक्के मुलींना, तपासणी ७० टक्के स्त्रियांची आणि उपचार ९० टक्के रुग्णांना. शेवटचा आकडा गाळून मधला गाठला तर स्त्रीच्या हाती फक्त भीती येते. तपासणीचा प्रत्येक प्रस्ताव आला की विचारा: सकारात्मक निघालेल्या व्यक्तीला किती दिवसांत, कुठे आणि कोणाच्या खर्चाने उपचार मिळणार? हाच प्रश्न विमा योजनांनाही विचारा. अनेक योजना दाखल झालेल्या रुग्णाचा खर्च देतात आणि बाहेरून घ्यायच्या रोजच्या गोळ्या वगळतात. मग गोळी थांबते आणि पक्षाघात झाल्यावर योजना खर्च करते. यातला आर्थिक तोटा अर्थखात्याला लगेच कळतो.

बैठक आणि माणसे

आजार जगणारी माणसे व्यासपीठावर केवळ साक्ष देण्यापुरती नसावीत. निर्णयसमितीत त्यांना जागा, मत आणि प्रवासखर्च हवा, आणि त्यांची गोष्ट कुठे वापरली जाईल यासाठी लेखी संमती हवी, जी नंतर मागे घेता येईल. भेटीला तिघे पुरेत: रुग्ण, डॉक्टर आणि हिशेब जाणणारा. बोलायला दोन मिनिटे धरून तयारी करा: एक वस्तुस्थिती, तिचा एका कुटुंबावरचा खर्च, एक मागणी. सोबत एक पान, जास्त नाही. दुसऱ्या दिवशी "आपण असे म्हणालात, अमुक तारखेपर्यंत असे ठरले" हे पत्र पाठवा. खात्यातली माणसे बदलली तरी हे पत्र फाइलमध्ये राहते. संसदेतले प्रश्न दोन्ही बाजूंच्या सदस्यांकडून विचारवून घ्या, कारण विषय एका पक्षाचा झाला की सरकार बदलताच बाजूला पडतो.

निर्णय झाल्यानंतर

कायदा झाला की देणगीदार आणि कार्यकर्ते दुसऱ्या विषयाकडे वळतात, उद्योग मात्र तिथेच थांबतो. डेन्मार्कने ऑक्टोबर २०११ मध्ये संपृक्त स्निग्धांशावर (लोणी, चीज यांसारख्या पदार्थांतल्या) कर लावला आणि जानेवारी २०१३ पासून तो रद्द झाला. सीमेपलीकडची खरेदी आणि हिशेबाचा बोजा यांवर रोज आवाज उठत होता, आणि कराच्या बाजूने तेवढ्या चिकाटीने बोलणारे कोणी नव्हते. म्हणून पहिल्या दोन वर्षांचा खर्च आणि माणसे आधीच राखून ठेवा.

मोजणी कायदा लागू होण्याआधी सुरू व्हायला हवी. किमती, खप, पदार्थातले मीठ किंवा साखर, केंद्रांतला औषधसाठा यांची पायाभूत नोंद अंमलापूर्वी किमान एकदा, शक्यतो दोनदा घ्या, त्याच दुकानांत, त्याच उत्पादनांवर, त्याच पद्धतीने. अंमलानंतर सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी तीच मोजणी करा. पायाभूत नोंद नसेल तर पहिल्या वर्षाअखेर उद्योगाने सांगितलेला आकडाच वर्तमानपत्रांत छापला जातो. कर नगावर असेल तर महागाईच्या तुलनेत त्याचे खरे मूल्य दरवर्षी काढून अर्थखात्याला पाठवा, कारण किंमत पगारापेक्षा हळू वाढली तर तंबाखू कागदावर महाग आणि प्रत्यक्षात स्वस्त होत जातो. औषधांच्या बाबतीत लेखाशीर्षाखाली मंजूर, वितरित आणि खर्च झालेली रक्कम असे तीन आकडे दर तिमाहीला मागवा. मंजुरी पूर्ण आणि वितरण निम्मे असेल तर पुढची भेट आरोग्यमंत्र्यांकडे नको, थेट अर्थखात्यात पैसे सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडे मागा.